भिंतीवरचा पॅच लपवायचाय: स्प्रे कॅन की ब्रश?

ड्रायवॉलचं, म्हणजे जिप्सम बोर्डच्या भिंतीचं, भोक बुजवणं तसं अवघड नाही, ते तुम्ही केलंच असणार, तुकडा बसवला, टेप लावली, जॉइंट कंपाउंडचे (सांधे बुजवायच्या पुट्टीसारख्या लेपाचे) दोन-तीन हात देऊन घासलं. खरी गोची पुढेच, कारण आजूबाजूची भिंत संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार आणि मधेच आपला पॅच टकलासारखा गुळगुळीत.

मी दोन्ही करून बघितलंय. एका खोलीत टेक्स्चरचा, म्हणजे भिंतीवर तसे दाणे फवारणारा, स्प्रे कॅन, दुसरीत पातळ केलेलं कंपाउंड आणि ताठ केसांचा ब्रश.

कॅन झटपट आहे यात वाद नाही. नॉझल फिरवून दाणा लहानमोठा होतो, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून नीट हलवला की फवाराही बरा येतो. पण तो फवारा पॅचपुरता थांबत नाही! कडेच्या जुन्या दाण्यांवर नवे दाणे बसतात आणि पॅचभोवती एक जाडसर रिंगण तयार होतं. ओलं असताना मला कळलंच नाही. वाळलं, प्रायमर झाला, रंग झाला आणि रात्री टेबललॅम्प लावला तर बाजूने पडणाऱ्या उजेडात ते असं उठून दिसलं की म्हटलं यापेक्षा भोक परवडलं. पुढच्या वेळी मास्किंग टेप लावली तर रिंगणाऐवजी सरळ रेघ आली. पुठ्ठ्यावर ट्रायल घेतली होती बरं का, पण पुठ्ठ्याला शेजारी जुनी भिंत कुठे असते!

ब्रशला वेळ लागतो आणि खाली पसारा होतो, मान्य. कंपाउंड घट्टसर ऑइलपेंटइतकं पातळ करायचं आणि अंगठ्याने केस मागे ओढून शिंतोडे उडवायचे. पण मधे दाट, कडेला विरळ असं हातानेच सांभाळता येतं, आणि जुन्या दाण्यावर थेंब पडलाच तर ओल्या स्पंजने तेवढाच उचलायचा. दाणे चपटे हवे असतील तर ओली चमक गेल्यावर पुट्टी लावायचा रुंद पत्रा हलक्या हाताने फिरवा, घाई केली की फरफटतात (माझे फरफटले, पुसून परत केले).

छताला मात्र कॅनच बरा, छतासाठीचा वेगळा मिळतो तो, नाहीतर ब्रशचे अर्धे शिंतोडे आपल्याच तोंडावर. भिंतीवरच्या तळहाताएवढ्या पॅचला मी तरी ब्रशच घेईन, तुमचा हात स्प्रेवर बसलेला असेल तर गोष्ट वेगळी. प्रायमर मात्र दोन्हीकडे हवाच, नाहीतर कंपाउंड रंग पितं आणि तेवढाच डाग फिका दिसतो.

स्प्रेवाल्या खोलीत सध्या रिंगणासमोर कपाट सरकवलंय.