इंग्लंड-वेल्सची कोरोनर सेवा: काम चोख, पण फार वाट बघायला लावणारी

घरातल्या वयस्कर माणसाच्या मृत्यूचं कारण स्पष्ट नसेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रकरण कोरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याकडे, जातं. कोण, कधी, कुठे आणि कसं, एवढंच तो शोधतो. दोष कुणाचा हे ठरवायला त्याला कायद्यानेच मनाई आहे. मुंबईतही 1999 पर्यंत कोरोनर होता. आता तिथे सहसा पोलिसांच्या पंचनाम्यावरच भागतं.

इंग्लंड-वेल्समध्ये कोरोनरला आत्महत्येची नोंद करायला दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: कृती स्वतःची होती आणि मरण्याचाच हेतू होता. पूर्वी त्यासाठी फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा लागे. 2018 मध्ये तिथल्या हायकोर्टाने ही अट सैल केली आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आता ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं.

म्हातारपणी गाडं अडतं ते हेतूवर. वारांच्या कप्प्यांचा गोळ्यांचा डबा घ्या. मृत्यू मंगळवारी, पण बुधवारचाही कप्पा रिकामा. विसरून डोस दोनदा घेतला की जाणूनबुजून? नुसता रक्ताचा रिपोर्ट हे सांगत नाही. मूत्रपिंडं थकली की नेहमीच्या डोसचंही औषध अंगात साठतं, शिवाय काही औषधांचं रक्तातलं प्रमाण मृत्यूनंतरही वाढतं. म्हणून जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) नोंदी, स्मरणशक्तीच्या चाचण्या, केअररची (काळजी घेणाऱ्याची) रोजची वही, सगळं ताडून बघावं लागतं. नुकतंच मृत्युपत्र केलं होतं, याला फार वजन देऊ नये; त्या वयात ते करतातच. हेतू पटला नाही, तर अपघात, ओपन (पुरावा अपुरा, म्हणून अनिर्णित) किंवा नॅरेटिव्ह (काय घडलं ते थोडक्यात सांगणारा) निष्कर्ष निघतो.

सोयी बऱ्या आहेत. अंत्यसंस्कारासाठी इन्क्वेस्ट (कोरोनरची चौकशी) संपायची वाट बघावी लागत नाही, मृत्यूचा तात्पुरता दाखला मिळतो, सुनावणीआधी मागितलेले कागद फुकट मिळतात. खटकतं ते दुसरंच. सहा महिन्यांत निकाल हा नियम, पण तो ‘जमेल तसा’. सुनावणी खुली, त्यामुळे पत्रकारही येऊन बसतात. हॉस्पिटल वकील घेऊन येतं. कुटुंबाला सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही.

कुटुंबाच्या जबाबात ‘आई असं कधीच करणार नाही’ एवढंच लिहून भागत नाही. डबा कोण भरायचं, डोस कधी चुकला, काय काय विसरायला लागली होती, ते तारखांसकट लिहा आणि सुनावणीच्या बरंच आधी कोरोनरच्या ऑफिसरकडे द्या.