डिजिटल सातबारा : ‘इन्फॉर्मेटिक्स’चा अर्थ उलगडणारी सेवा

महाभूमी या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला, तेव्हा ‘इन्फॉर्मेटिक्स’ या शब्दाचा अर्थ मला जितका स्पष्ट झाला, तितका तो कोणत्याही व्याख्येने झाला नव्हता.

फ्रेंच संगणकतज्ज्ञ फिलिप द्रेफ्यूस यांनी 1962 मध्ये ‘माहिती’ आणि ‘स्वयंचलन’ या अर्थांचे दोन फ्रेंच शब्द जोडून ‘अँफोर्मातिक’ (इंग्रजीत ‘इन्फॉर्मेटिक्स’) हा शब्द रूढ केला. आपल्याकडे 1976 मध्ये स्थापन झालेल्या ‘एनआयसी’ (नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर) या केंद्र सरकारच्या संस्थेच्या हिंदी नावात तो ‘सूचना विज्ञान’ या रूपात आला. मराठीत सूचना म्हणजे नोटीस किंवा निर्देश. त्यामुळे मला ‘माहितीशास्त्र’ हाच प्रतिशब्द अधिक पटतो. सातबाऱ्यामागची ई-फेरफार प्रणाली, म्हणजे जमिनीच्या नोंदींतील बदल (फेरफार) संगणकावर नोंदवणारी व्यवस्था, एनआयसीच्याच पुणे केंद्राने घडवली आहे.

तलाठ्याच्या वहीची पाने नुसती स्कॅन करून ठेवली असती, तर त्याला फार तर संगणकीकरण म्हणता आले असते. सातबाऱ्याच्या सुधारित नमुन्यात मात्र गावाच्या नावाबरोबर त्याचा संकेतांक छापलेला असतो, कारण वडगाव आणि पिंपळगाव या नावांची गावे राज्यात कितीतरी आहेत आणि माणसाला संदर्भाने कळणारा फरक यंत्राला कळण्यासाठी प्रत्येक गावाला वेगळी ओळख द्यावी लागते. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक आणि प्रलंबित फेरफाराची नोंद त्याच उताऱ्यावर दिसत असल्याने, जमीन घेणाऱ्याला आज नावावर कोण आहे एवढेच नव्हे, तर त्या नावात बदल होऊ घातला आहे का, हेही समजते. माहितीची अशी जोडणी करणे हेच या शास्त्राचे खरे काम आहे, आणि ते येथे मन लावून केलेले आहे. 1 मे 2018 पासून उपलब्ध असलेल्या या उताऱ्यावर तलाठ्याची सही लागत नाही. पडताळणी क्रमांकावरून त्याची सत्यता कोणालाही तपासता येते.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. मूळ नोंदीत नाव किंवा क्षेत्र चुकलेले असेल, तर ती चूक तितक्याच नेटकेपणाने छापली जाते, आणि असा लेखनप्रमाद (लिहिण्यातील चूक) दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्जच करावा लागतो. म्हणून उतारा हाती आल्यावर क्षेत्राचे आकडे आणि खातेदारांची नावे जुन्या कागदांशी ताडून पाहावीत. महाभूलेख या दुसऱ्या सरकारी संकेतस्थळावर मोफत दिसणारा उतारा केवळ पाहण्यासाठी असतो. बँकेत किंवा न्यायालयात द्यायचा असेल, तर डिजिटल स्वाक्षरीचाच घ्यावा.