विजेचं बटण: पियानो की मॉड्युलर? जुन्या घरासाठी स्पष्ट मत

अँकरचं पेंटा हे पियानो पद्धतीचं बटण, म्हणजे बोर्डाच्या शीटवर स्क्रूने बसणारं, आणि त्याच कंपनीचं रोमा हे मॉड्युलर, म्हणजे प्लेटच्या फ्रेममध्ये बसणारं. सोलापुरात बोर्ड बदलायला निघालेल्याला बहुतेक दुकानांत या दोन प्रकारांपैकीच एक निवडायचं असतं, मग कंपनी कुठलीही असो. नव्या फ्लॅटात कन्सील फिटिंग (भिंतीत गाडलेली वायरिंग) असेल तर मॉड्युलर घ्या, त्यात वाद नाही. माळवदाच्या, म्हणजे दगडमातीच्या जुन्या घरात मात्र पियानोच बरं.

कारण बटणात नाही, भिंतीत आहे. मॉड्युलरचा लोखंडी डबा गाडायला जवळपास दोन इंच खोल खाच लागते. दगडमातीच्या भिंतीत झिरी मारली की माती सुटत राहते, डबा पकडत नाही आणि पुढे प्लग ओढताना प्लेटसकट सगळं हलतं. भिंतीवर बसणारा पीव्हीसी डबा घेऊन मॉड्युलर लावता येतं, पण मग बोर्ड भिंतीतून फुगून येतो आणि दिसण्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात. शिवाय मॉड्युलरमध्ये एका कंपनीचं बटण दुसरीच्या फ्रेममध्ये बसेलच असं नाही. मालिका बंद झाली की एका बटणापायी अख्खी प्लेट बदलावी लागते. पियानोचं तसं नाही. शीट उघडा, दोन स्क्रू काढा, नवं बटण लावा.

तरी मॉड्युलरच हवं असेल तर आधी मॉड्यूल, म्हणजे प्लेटमधल्या जागा, मोजा. ६ अँपिअरचं बटण एक मॉड्यूल, सॉकेट दोन, पंख्याचा रेग्युलेटर एक किंवा दोन. चार बटणं, एक सॉकेट आणि दोन मॉड्यूलचा रेग्युलेटर म्हणजे आठ. इथेच फसगत होते: आठची प्लेट आडवीही येते आणि चौकोनीही. आडवा डबा गाडून चौकोनी प्लेट आणली की प्लॅस्टर पुन्हा फोडा.

बटण कुठलंही घ्या, आयएस ३८५४ (बटणांसाठीचं भारतीय मानक) आणि आयएसआय खूण पाहूनच. ६ अँपिअरच्या बटणावर पाणी तापवायचा रॉड लावू नका. दीड हजार वॉटचा रॉड २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं बटण-सॉकेट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर लागते. दिव्या-पंख्याला दीडची पुरते.

बटणं जळतात ती बहुतेक ढिल्या स्क्रूमुळे. वायरचं प्लॅस्टिक ८ ते १० मिलिमीटर सोला. कमी सोललं तर स्क्रू तांब्यावर न बसता प्लॅस्टिकवर बसतो. जास्त सोललं तर उघडी तार बाहेर राहते. तारा पिळून घ्या, एकच बारीक वायर असेल तर टोक दुमडून आत घाला. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर आधीच तापणारा जोड आणखी लवकर जातो. बटण दाबताना चरचर आवाज आला किंवा कड पिवळी पडली की ते बदलाच, स्क्रू आवळून भागवू नका.

काढण्याआधी जुन्या जोडणीचा फोटो घ्या. एका बटणातून पुढच्याला गेलेला फेजचा (करंट आणणाऱ्या वायरचा) लूप, म्हणजे जोडतुकडा, विसरला की बाकीचा बोर्ड मुका होतो. फेज बटणातूनच तुटला पाहिजे, न्यूट्रल (परतीची वायर) नव्हे. उलटं जोडलं तरी दिवा लागतो-विझतो, पण बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो. एलईडी बल्ब बंद केल्यावरही मंद दिसतो, त्याचं एक कारण हेच. दुसरं म्हणजे बटणातला छोटा इंडिकेटर दिवा.

आणि सगळ्यात धोक्याचं: इन्व्हर्टर. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या बोर्डात फेज जिवंत असतो, आणि त्याच बोर्डात मेनचा फेजही आलेला असतो. त्यामुळे एमसीबी (मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडा, इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून बंद करा, मग त्याच्या आउटपुटची पिनही काढा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून त्याचा दिवा लागतो का बघा, नंतर बोर्डाच्या प्रत्येक वायरला लावा. एकट्या टेस्टरच्या भरवशावर राहू नका, फेज-न्यूट्रलमध्ये बल्बही लावून बघा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत क्षमता न बदलता स्विच बदलायला मुभा आहे. नवा पॉइंट ओढायचा असेल तर लायसन्सवाला कंत्राटदारच हवा.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र दोन्ही नकोत. सुताचा भुरका फटीतून आत बसतो आणि ठिणगीजवळ साचतो. तिथे झाकणाचं, सगळीकडून बंदिस्त बटण घ्या, आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून ब्रशने बोर्ड झटका.