नवशिक्याची सुतारकी: एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर हौसेपोटी थोडं सामान घेतलं: करवत, दोन पटाश्या, गुण्या, चार क्लॅम्प आणि बॅटरीवरचं १२ व्होल्टचं ड्रिल. त्यावर कुंड्यांचा स्टँड, भिंतीवरची फळी, बसायचं स्टूल आणि चवथीची माटोळी (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची लाकडी चौकट) एवढं झालं. पाऊस सरल्याशिवाय लिहायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. गोव्यात मे महिन्यात केलेल्या लाकडी वस्तूचं कौतुक मे महिन्यापुरतंच!

स्टँड पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी फळकुटाच्या) पाइनचा. स्वस्त, कापायला मऊ, नवशिक्याला झकास. पॅलेट घेताना शिक्का मात्र बघून घ्या. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं; 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नको. पण तापवलेलं लाकूड पावसात टिकतंच असं नाही. व्हरांड्यात ठेवलेल्या या स्टँडचे पाय ऑगस्टपर्यंत तळाशी काळे पडून मऊ झाले. पाणी कापलेल्या टोकातूनच वर चढतं. आता पायांखाली फरशीचे तुकडे सरकवलेत.

स्टूल फणसाचं, घरच्याच जुन्या, वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या फळ्यांचं. ताजा रंधा मारला की हळदीसारखा पिवळा रंग, मग हळूहळू तपकिरी. वरचा पाट सलग जोडणार होते, तेवढ्यात शेजारचे मेस्त (सुतार) म्हणाले, "बाय, लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला नाही. मधे फट ठेव." ठेवली. मेमध्ये त्या फटीतून जाड पुठ्ठा जायचा, श्रावणात वहीचा कागद जाईना, आणि आता पुन्हा पुठ्ठा जातो. सलग पाट घट्ट ठोकून बसवला असता तर एक तर चिरला असता, नाही तर वाकला असता.

स्क्रूबद्दल माझं मत ठाम आहे: स्टेनलेस सोडून दुसरे घेऊ नका. फळीला बॉक्समधले काळे स्क्रू होते. गंज आलाच, वर सागवानात त्यांच्याभोवती शाईसारखे डाग पडले. पितळेचे दिसायला सुंदर, पण मऊ. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करावी लागते, नाही तर डोकं तुटून हातात येतं.

पॉलिशमध्ये अळशीच्या तेलावर आमच्या दमट खोलीत बुरशी धरली, चपडीवर (लाखेच्या पॉलिशवर) पांढरी झाक आली. पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) टिकलं. दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

सगळ्यात समाधान दिलं ते माटोळीने. जुनीला वाळवी लागली होती. एक इंच जाडीच्या सागवानी रिपा घेऊन, जिथे जिथे एकमेकींवर येतात तिथे अर्ध्या इंचाच्या खाचा केल्या. गुण्याने रेघ, रेघेच्या आतल्या बाजूने करवत, मधे आणखी दोन-तीन काप, मग पटाशीने दोन्हीकडून मध्यापर्यंत थोडं थोडं काढायचं. एकाच बाजूने पटाशी रेटली तर पलीकडची कड फुटते. तळहाताने दाबल्यावर बसेल इतकीच घट्ट हवी, हातोडी लागली तर अजून तासा. लांब रिपांच्या खाचा वरच्या अंगाला आणि आडव्यांच्या खालच्या अंगाला ठेवल्या. भार आला की लांब रिपेची खालची बाजू ताणली जाते, तिथे चिरा नको. वजनाने आडव्या रिपा आपोआप खाचेत दबतात, म्हणून डिंकही लावला नाही. दोर लांब रिपांनाच बांधले. असोले नारळ, तोरिंगण, आंबाडे, सुपारीचे घोस सगळं पेललं. सासरे दरवर्षी स्वतः माटोळी बांधतात. यंदा त्यांनी आडवी रीप दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि काही न बोलता आणखी एक नारळ अडकवला. विसर्जनानंतर रिपा सुट्या करून माळ्यावर गेल्या.

हत्यारांपैकी ड्रिलबद्दल तक्रार नाही. क्लॅम्प चार पुरत नाहीत. करवतीला आणि पटाश्यांना जूनपासून शिवणयंत्राचं तेल पुसत राहावं लागतं. एक आठवडा राहिलं तरी पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. ज्यांना एवढंच सामान घ्यायचंय, त्यांनी ड्रिल उशिरा घेतलं तरी चालेल, पण पटाशीला धार लावायचा दगड पहिल्याच दिवशी घ्या. नवी पटाशी दुकानातून धारदार येत नाही.