नाव खरे, आयएसएसएन खरा, संपादक तोतया

ज्या त्रैमासिकाच्या नावाने माझी फसवणूक झाली ते त्रैमासिक अस्तित्वात आहे, अभ्यासकांत त्याचा लौकिक चांगला आहे आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, ‘केअर’ या मान्यताप्राप्त पत्रिकांच्या यादीतील त्याची नोंदही खरी होती. खोटा होता तो माझ्याशी पत्रव्यवहार करणारा माणूस आणि त्याने उभे केलेले संकेतस्थळ. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या सुमार पत्रिकांविषयी प्राध्यापकमंडळी आता बऱ्यापैकी सावध झाली आहेत. परंतु नावाजलेल्या पत्रिकेचा तोतया, म्हणजे ज्याला ‘क्लोन जर्नल’ म्हणतात तो, समोर आला की आपण नेहमी करतो त्या तपासण्या त्याच्याच बाजूने साक्ष देतात. म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

यादीचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. यूजीसीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मान्यताप्राप्त पत्रिकांच्या यादीत अडतीस हजारांहून अधिक नावे होती. मे २०१८ मध्ये त्यांतील ४,३०५ नावे एकाच वेळी वगळावी लागली. त्याच वर्षी डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या आणि अन्यत्र कोठेही सूचिबद्ध नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाच्या असाव्यात. त्यानंतर २०१९ मध्ये केअर यादी आली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे सोपवले गेले. या यादीच्या पहिल्या गटात मराठी, हिंदी, संस्कृत आणि इतिहास या विषयांची अनेक जुनी नियतकालिके होती. ती छापील निघतात, वर्गणीदारांना टपालाने जातात, आणि त्यांतील कित्येकांना स्वतःचे संकेतस्थळच नाही. तोतयाला हवी असते ती हीच मोकळी जागा.

पदोन्नतीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार भाषा आणि सामाजिक शास्त्रांतील प्राध्यापकाला एका शोधनिबंधामागे १० गुण मिळतात. माझ्या स्थाननिश्चितीचा प्रस्ताव तयार होत असताना प्राध्यापकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर संदेश आला: केअर लिस्टेड, ग्रुप एक, विशेषांक, सात दिवसांत स्वीकृतीपत्र. सोबत त्या त्रैमासिकाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र होते. मी केअरच्या संकेतस्थळावर जाऊन शीर्षक आणि आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाला मिळणारा क्रमांक, पडताळले. दोन्ही अक्षरशः जुळले. वतनाच्या तंट्यांसंबंधीच्या मोडी कागदांवर लिहिलेला माझा शोधनिबंध मी पाठवला, ३,५०० रुपये भरले आणि ठरल्याप्रमाणे आठवड्याच्या आत स्वीकृतीपत्र आले.

पडताळणी केली ती त्रैमासिकाची. व्यवहार झाला तो भलत्याच माणसाशी. या दोन टोकांना जोडणारा एकही पुरावा कोणी दिलेला नव्हता आणि तो मागण्याची पद्धतही आपल्याकडे नाही. आयएसएसएन हा केवळ ओळख क्रमांक आहे. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून मिळतो, आणि त्याने मजकुराच्या दर्जाची हमी मिळत नाही. शिवाय तो प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर छापलेला असल्यामुळे कोणालाही उचलून आपल्या पानावर चिकटवता येतो.

खुणा मात्र भरपूर होत्या आणि त्या इथे नोंदवतो. पैसे ज्या खात्यात गेले ते ना संस्थेचे होते ना मंडळाचे. ते एका व्यक्तीच्या नावाचे होते, आणि पावती तिसऱ्याच गावातील एका ‘पब्लिकेशन्स’ची आली. संकेतस्थळावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे पत्रिकेतील लेख इतरत्र सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा, सातच्या पुढे दाखवला होता. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी देते आणि मानव्यविद्यांच्या पत्रिकांना तो २०२३ पासूनच मिळू लागला. मराठी इतिहास-त्रैमासिकाला सात हा आकडा कोठून येणार? समीक्षकाचा अहवाल दोन ओळींचा होता आणि त्यात ‘संख्याशास्त्रीय साधनांचा योग्य वापर’ केल्याबद्दल माझे कौतुक होते. माझ्या निबंधात साधी बेरीजसुद्धा नव्हती. आणि अंक? एकाच अंकाचे भाग एक, भाग दोन करीत बरेच भाग निघाले होते. माझ्या निबंधाच्या मागेपुढे रसायनशास्त्र, आयुर्वेद, वस्तू व सेवा कर आणि महिला बचत गट असे सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते.

उलगडा झाला तो छाननी समितीपुढे. विषयतज्ज्ञांनी सरळ विद्यापीठाच्या ग्रंथालयातून त्या तिमाहीचा छापील अंक मागवला. त्यात माझा निबंध नव्हता, माझ्या पीडीएफवरील पृष्ठक्रमांक त्या अंकात असणेच शक्य नव्हते, कारण तो अंक तेवढ्या पानांचा नव्हताच. मूळ संपादकांना दूरध्वनी केला तेव्हा ते ज्येष्ठ गृहस्थ थकलेल्या आवाजात म्हणाले, “आमचे संकेतस्थळच नाही हो. आम्ही लेखकाकडून एक रुपयाही घेत नाही.” असे दूरध्वनी त्यांना वरचेवर येत होते.

पुढचा भाग अधिक त्रासाचा ठरला, कारण फसवला गेलेला माणूस आणि मुद्दाम विकत घेतलेला निबंध दाखवणारा माणूस यांच्या हातांत एकच कागद असतो. समितीने संशय घेतला यात मला गैर वाटत नाही. गैर वाटते ते हे की, महाविद्यालयात असे प्रकरण आल्यावर कोणी, कोणत्या क्रमाने चौकशी करावी याची ठरलेली रीत नव्हती. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीत १०, ४० आणि ६० टक्के साम्याच्या पायऱ्या आणि त्यांवरील दंड दिलेले आहेत, परंतु तोतया पत्रिकेच्या बळीचे काय करावे हे त्यांत बसत नाही. प्रकाशन नीतिमत्तेसाठी १९९७ पासून काम करणारी ‘कोप’ ही संस्था संपादकांना असे क्रम आखून देते: आधी लेखकाकडे खुलासा मागायचा, तो समाधानकारक नसेल तर त्याच्या संस्थेला कळवायचे, आणि निबंध मागे घेणे ही शिक्षा नसून अभ्यासाच्या नोंदी दुरुस्त ठेवण्याचा मार्ग आहे, असे तिचे म्हणणे आहे. पण हा सारा क्रम संपादक प्रामाणिक आहे असे गृहीत धरतो.

निबंध मागे घ्या असे मी तोतयाला लिहिले, तेव्हा त्याने मी सही केलेला स्वामित्वहक्काचा नमुना दाखवला आणि मागे घेण्याचे शुल्क मागितले. ते अजिबात देऊ नये. दिले तरी निबंध हटेलच असे नाही. त्याऐवजी लेखी मागणी ई-मेलने पाठवून तिची प्रत जपावी, कारण पुढे तीच उपयोगी पडते: तोच निबंध दुसरीकडे गुपचूप पाठवला तर ते दुबार प्रकाशन होते, म्हणजे या वेळी गैरवर्तन खरोखरच आपले असते. मी दुसऱ्या एका नियतकालिकाच्या संपादकांना निबंधाबरोबरच सगळी हकीगत, पावती, ई-मेल आणि मूळ संपादकांचे पत्र पाठवले. त्यांनी तो दोन समीक्षकांकडे दिला. एका समीक्षकाने दाखवून दिले की, एका कागदावरील सन शुहूर नसून फसली आहे; या दोन वेगळ्या कालगणना आहेत, त्यामुळे त्या तंट्याचे इसवी सन नऊ वर्षे मागे जाते. तोतयाच्या पीडीएफमध्ये ती चूक आजही तशीच आहे आणि कोणी ती उद्धृत केली तर माझ्या नावावर जाईल.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “पेपर छापला ना? मग फसवणूक कसली?” प्रश्न वरवर बरोबर वाटतो, म्हणून तक्रार लिहितानाच ती निकृष्ट सेवेची नसून तोतयेगिरीची आहे हे स्पष्ट मांडावे. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आणि तोतयेगिरीला ३१९ आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या दूरध्वनी क्रमांकावर लगेच कळवावे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा, म्हणजे भाऊसाहेबांचा, तोतया पेशवाईत उभा राहिला, त्याचा निकाल लावताना प्रत्यक्ष भाऊसाहेबांना पाहिलेली माणसे हाताशी होती. इथेही मूळ संपादकांची साक्ष हाच सर्वांत बळकट पुरावा आहे, आणि तक्रार त्यांच्याबरोबर संयुक्तपणे दिल्यास तिची दखल घेतली जाते, असा माझा अनुभव आहे.

यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर आली. मला मात्र ‘केअर लिस्टेड’ असे संदेश अजूनही येतात. आता कोणताही निबंध पाठवण्यापूर्वी मी ग्रंथालयातील छापील अंक काढतो आणि त्यावरील पत्ता व दूरध्वनी वापरूनच संपादकांशी बोलतो. संकेतस्थळावरचा क्रमांक वापरत नाही. आंतरराष्ट्रीय आयएसएसएन पोर्टलवर ती नोंद छापील आवृत्तीची आहे की ऑनलाइन आवृत्तीची हेही दिसते, कारण दोन्ही आवृत्त्यांना वेगळे क्रमांक मिळतात. फक्त छापील नोंद असलेल्या क्रमांकाखाली कोणी ऑनलाइन अंक काढत असेल तर तिथेच थांबावे. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’ची अपहृत, म्हणजे तोतयांनी नाव पळवलेल्या, पत्रिकांची यादीही पाहावी, पण भारतीय भाषांतील सगळे तोतये तिच्यात सापडतील अशी अपेक्षा ठेवू नये.

समितीने माझा तो निबंध गुणांतून वगळला आणि पदोन्नतीची तारीख पुढे गेली. मूळ त्रैमासिक आता प्रत्येक अंकाच्या आतील पानावर, आपले संकेतस्थळ नाही आणि शुल्क घेतले जात नाही, अशी चौकट छापते. पोलिसांतील तक्रारीचा तपास अजून चालू आहे.