मूळ बोल्ट की नवा बोल्ट?

१९६५ ची फोर्ड मस्टँग मूळ रूपात आणताना जुनेच बोल्ट साफ करून वापरावेत की त्याच ताकदीचे नवे घ्यावेत, हा प्रश्न हटकून येतो. त्याचे निम्मे उत्तर बोल्टच्या डोक्यावरच असते. अमेरिकी पद्धतीत बोल्टच्या ताकदीचा दर्जा ‘ग्रेड’ने सांगतात: तीन उठावदार रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे त्याहून मजबूत ग्रेड ८, आणि या रेघांच्या सोबतीला बहुधा कारखान्याची खूण असते.

नव्या ग्रेड ५ बोल्टवर रेघा तीनच मिळतात, पण कारखान्याची खूण सहसा वेगळी असते. म्हणून जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत जिथे परीक्षक इंजिनाच्या कप्प्यात डोकावतात, तिथे जुना बोल्टच सरस ठरतो. मात्र तो फिरत्या तारेच्या ब्रशवर जोरात धरला, की आधीच गंजाने खाल्लेल्या रेघा पुसट होतात आणि जपण्यासारखे काही उरत नाही. गंज उतरवणाऱ्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजवणे बरे. सहा रेघांच्या बोल्टला जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होऊ शकते, त्यामुळे मुलाम्यानंतर लगेच भट्टीत तापवणे टाळू नये.

ब्रेक, स्टिअरिंग आणि कनेक्टिंग रॉड (इंजिनातला पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) येथे मी खुणांचा मोह सोडून नवाच बोल्ट घेईन. मेट्रिक, म्हणजे मिलिमीटर मापाचा, ८.८ दर्जाचा बोल्ट ताकदीने ग्रेड ५ च्या जवळपास असला, तरी त्याचे आटे या गाडीत जुळत नाहीत.