गुहागर ते रत्नागिरी, एका कुबडीने

आधी माझी मोजपट्टी सांगते, म्हणजे पुढचं परीक्षण कुणाच्या पायांनी केलंय ते कळेल. लहानपणीच्या पोलिओमुळे माझ्या उजव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा आहे आणि काखेत एक कुबडी. सोबत सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. त्या घरात काठीवर चालतात, बाहेर लांब जायचं तर घडीची व्हीलचेअर. शिवाय नणंदेचा तीन वर्षांचा मुलगा, त्याची बाबागाडी, आणि हे सगळं ढकलायला माझा नवरा. कोल्हापूरहून आंबा घाटाने उतरलो की कोकण आमचंच, त्यामुळे जाणं-येणं चालू असतं. 'समुद्रकाठी फिरायला सुंदर जागा' अशा याद्या भरपूर वाचल्यात. त्यांत पायऱ्या किती ते कुणी लिहीत नाही.

गुहागरला मी सगळ्यात वरचा नंबर देते. पाच-सहा किलोमीटरचा सरळ किनारा, मागे सुरूचं बन आणि नारळ-पोफळीच्या वाड्या. गावातला मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर जातो, खालचा पाट आणि वरचा पाट अशी लांबलचक वस्ती. या रस्त्यावरून व्याडेश्वरापासून दुर्गादेवीच्या देवळाकडे जाणं हीच मुळात एक छान फेरी आहे. चढ जवळपास नाही, दोन्ही बाजूंना वाड्यांची सावली, व्हीलचेअर आणि बाबागाडी शेजारी-शेजारी चालतात. दुचाक्यांकडे तेवढं लक्ष ठेवायचं.

खरी मजा वाळूत, आणि खरी अडचणही तिथेच. समुद्रकिनाऱ्यावर चालणं अवघड नसतं, समुद्रापर्यंत पोचणं अवघड असतं. वाडी संपते तिथपासून ओल्या वाळूपर्यंतचा जो कोरडा पट्टा असतो, त्यात कुबडीचं बूच वीतभर आत जातं आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं सरळ रुततात. व्हीलचेअर अशा ठिकाणी उलटी करून, मोठी चाकं पुढे घेऊन, मागे ओढत न्यायची. सासूबाईंना पाठमोरं समुद्राकडे जाणं मंजूर नव्हतं, पण इलाज नाही. आमच्या होमस्टेच्या काकूंनी हा गोंधळ ओसरीवरून बघितला आणि म्हणाल्या, "थांबा ताई, झाप टाकून देते." मांडवासाठी विणलेले नारळाच्या झावळ्यांचे झाप त्यांच्या पडवीत रचून ठेवलेले होते. त्यातले चार आणून त्यांनी वाळूवर एकापुढे एक अंथरले. मागचा उचलायचा, पुढे टाकायचा. खुर्ची गेली, बाबागाडी गेली, कुबडी तर ठणठणीत. परदेशी किनाऱ्यांवर यासाठी खास गुंडाळीच्या चटया असतात. त्या आपल्याकडे येतील तेव्हा येतील, झाप आजही मिळतात. हॉटेलवाल्यांनो, वाचताय ना?

ओल्या वाळूवर पोचलात की जग बदलतं. पण ती ओली, घट्ट वाळू किती रुंद मिळेल हे तुमच्या पंचांगावर अवलंबून आहे. कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, आम्हा घाटावरच्यांना आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. नेमकी आपली फिरायची वेळ, आणि पाणी कोरड्या वाळूला टेकलेलं. पौर्णिमा-अमावास्येला तिथी पंधरा धरायची, हिशेब सव्वाअकरा येतो. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला. शिवाय त्या दिवसांत उधाण असल्याने ओहोटीचं पाणीही जास्त आत जातं आणि डांबरी रस्त्याइतकी टणक वाळू पसरलेली मिळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तो धरून चाला. आम्ही हॉटेल नंतर बघतो, आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्दशी ते द्वितीया कुठल्या वारांना येते ते बघतो. लागून सुट्टी आली आणि अष्टमी निघाली, तर मी सरळ नाही म्हणते.

हेदवीची बामणघळ मात्र याच्या अगदी उलट. उमा-महेश्वराच्या छोट्या देवळापलीकडे खडकात अरुंद घळ आहे. तिथे भरतीचं पाणी घुसून उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसते. म्हणजे बघायला भरती हवी, आणि भरतीच्या वेळी तो खडक ओला, बुळबुळीत, धारदार. कुबडीवाल्यांनी आणि लहान मुलांसोबतच्या लोकांनी देवळाशीच थांबावं हे माझं स्पष्ट मत. नवरा पुढे जाऊन व्हिडिओ काढून आला. मी देवळापाशी बसून लाटेचा आवाज ऐकला, तोही पुरेसा दणदणीत होता.

तिथून तवसाळला गाडी फेरीबोटीत घालायची आणि जयगडला उतरायचं. मोठा वळसा वाचतो. उताराच्या धक्क्यावर ओहोटीला शेवाळ असतं, म्हणून मी गाडीतून उतरतच नाही.

गणपतीपुळे. इथली प्रदक्षिणेची वाट सुंदर आहे यात वाद नाही. डोंगरच देव मानलेला, त्यामुळे देवळाला नाही तर अख्ख्या टेकडीला फेरी घालायची, साधारण एक किलोमीटर. एका अंगाला समुद्र, मग झाडी. वाट बांधलेली आहे, पण चढ-उतार आहेत आणि पायऱ्याही. काठीवर चालणाऱ्याने सोबत कुणीतरी घेऊन, थांबत थांबत जावं. व्हीलचेअरला पूर्ण फेरी जमणार नाही. समुद्राकडच्या बाजूने जमेल तितकं जाऊन मागे वळा, देव रागावत नाही. एक अडचण फक्त माझ्यासारख्यांची: कॅलिपर बुटाला जोडलेला असतो, चप्पल काढा म्हटलं की पायच काढावा लागतो. मी बुटावर चढवायला धुतलेली कापडी पिशवी नाडी लावून शिवून घेतलीय. अनवाणी चालणाऱ्यांनी दुपार टाळा, दगड चटके देतो. इथल्या किनाऱ्याला मी कमी गुण देते. गर्दी, घोडे, आणि पाणी फसवं, ओढ जबरदस्त. पोहण्याच्या भानगडीत पडू नका, पोहता येत असलं तरी.

आरे-वारेचं वरून दिसणारं दृश्य म्हणजे फोटोत बघितलेलं सगळं खरं असल्याची खात्री. पण तो रस्ता चालायचा नाही. वळणं आहेत आणि गाड्या जोरात येतात. थांबा, बघा, निघा.

रत्नागिरी शहराने मला चकित केलं, कारण तिथे मी फक्त आंबे घ्यायला जायची. भाट्ये किनारा पुलाला लागून, रस्त्याच्या कडेलाच. म्हणजे तो कोरड्या वाळूचा छळ कमी. दीड किलोमीटरचा सपाट पट्टा, दक्षिण टोकाला झरी विनायक. ओहोटीला सासूबाईंनी खुर्चीतून उतरून काठीवर चक्क दूरवर चाल मारली आणि परत येताना खुर्चीत नातवाला बसवून स्वतः ढकलायचा प्रयत्न केला. मांडवीला वाळू काळी, ती तुडवायची गरजच नाही. जेट्टीचा बांधलेला भाग सपाट आहे, कुबडी-खुर्ची दोन्हींना चालतं, भेळेच्या गाड्या जवळ. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पूल एका नजरेत येतात. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं. नजरकैदेतसुद्धा नजारा चांगला होता म्हणायचं. रत्नदुर्गाला मात्र पायऱ्या आहेत. सासूबाईंनी भगवतीला खालूनच हात जोडले.

सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर फिरायचा मोह होईल, विशेषतः पावसाळ्यानंतर रानफुलं असतात तेव्हा आणि कातळशिल्पं बघायला. जांभ्याच्या कातळाला भोकं असतात, त्यात कुबडीचं टोक नेमकं अडकतं. रुंद बुडाचं बूच लावा, किंवा चार पायांची काठी न्या.

खाऱ्या पाण्याचंही बघा. कॅलिपरचे सांधे आणि खुर्चीची चाकं रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेलाचे दोन थेंब सोडा, नाहीतर घरी पोचेपर्यंत करकर सुरू. खोली ठरवताना 'तळमजला आहे ना' एवढं विचारून थांबू नका. न्हाणीघराच्या उंबऱ्याचा आणि संडासाचा फोटो मागवा. जो मालक फोटो काढून लगेच पाठवतो, त्याच्याकडे आम्ही उतरतो.